तबकडीवर नसलेले नाव

१/ फेब्रुवारी १९६४ मध्ये लंडनच्या डेक्का या रेकॉर्ड कंपनीने एक सिंगल बाजारात आणली. सात इंचांची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे, आणि एका बाजूला जेमतेम सव्वादोन मिनिटांचे शीर्षकसंगीत : 'डॉक्टर हू'. लेबलवर संगीतकार म्हणून रॉन ग्रेनर यांचे नाव होते. वादक-गायकांची नावे जेथे छापतात तेथे 'बीबीसी रेडिओफॉनिक वर्कशॉप' हे एका विभागाचे नाव होते. ज्या स्त्रीने ते संगीत चुंबकीय फितीचे तुकडे मोजून, कापून, जोडून प्रत्यक्ष घडवले, तिचे नाव त्या लेबलवर कोठेही नव्हते.

२/ त्याच डेक्का कंपनीकडे त्या स्त्रीने पाच वर्षांपूर्वी, १९५९ मध्ये, नोकरी मागितली होती. रेकॉर्डिंग स्टुडिओत आम्ही स्त्रियांना घेत नाही, असे उत्तर तिला मिळाले. ज्या दारातून तिला आत जाऊ दिले नाही, त्याच दारातून तिचे काम तबकडी होऊन बाहेर पडले, आणि तेही बिननावाचे. हा धागा त्या तबकडीविषयी आहे. त्याचबरोबर इतिहासाच्या कागदांत नाव कोणाचे उरते आणि कोणाचे पुसले जाते, हे कोण ठरवते, या प्रश्नाविषयीही आहे.

३/ डेलिया डर्बिशायर यांचा जन्म ५ मे १९३७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या औद्योगिक शहरात झाला. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी हे शहर बेचिराख केले, तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. हवाई हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा आणि धोका टळल्याचे सांगणारा भोंगा हे आपण ऐकलेले पहिले अमूर्त, यंत्रजन्य ध्वनी होते, असे त्यांनी पुढे सांगितले. सामान्य कामगार कुटुंबातील ही मुलगी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेली आणि तेथून गणित व संगीत या दोन्ही विषयांत पदवी घेऊन बाहेर पडली. पुढील सर्व काम याच दोन विषयांच्या सांध्यावर उभे आहे.

४/ डेक्काच्या नकारानंतर काही काळ त्यांनी जिनिव्हात शिकवण्या आणि कार्यालयीन काम केले, मग लंडनमधील एका संगीत प्रकाशनसंस्थेत नोकरी केली. १९६० मध्ये त्या बीबीसीत प्रशिक्षणार्थी साहाय्यक स्टुडिओ मॅनेजर म्हणून रुजू झाल्या. हे पद तांत्रिक होते. नभोवाणीच्या कार्यक्रमासाठी योग्य तबकडी योग्य क्षणी लावणे, आवाजाची पातळी सांभाळणे, अशी ती कामे. १९६२ मध्ये त्यांनी स्वतःहून मागून घेतलेली बदली त्यांना मिळाली. ती होती रेडिओफॉनिक वर्कशॉपमध्ये.

५/ हे वर्कशॉप १९५८ मध्ये सुरू झाले होते. जागा लंडनच्या मेडा व्हेल भागातील स्टुडिओंमधली. मूळची ती इमारत रोलर-स्केटिंगसाठी बांधलेली. डॅफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को हे विभागाचे संस्थापक. ओरम यांना तेथे नवे संगीत घडवायचे होते, तर बीबीसीला नाटकांसाठी चमत्कारिक आवाज हवे होते. या मतभेदामुळे ओरम वर्षभराच्या आतच बाहेर पडल्या. उपकरणेही बहुधा इतर विभागांनी टाकून दिलेली : चाचणीसाठी वापरायचे ऑसिलेटर, फिल्टर आणि टेप रेकॉर्डर.

६/ या विभागात जे निर्माण होई त्याला 'संगीत' म्हणण्याचा रिवाज नव्हता. अधिकृत शब्द होता 'विशेष ध्वनी'. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण सगळे प्रकरण याच शब्दावर फिरते. एखाद्या गोष्टीला संगीत म्हटले की तिला संगीतकार लागतो. संगीतकार आला की त्याचे नाव, त्याचा हक्क आणि त्याची रॉयल्टी येते. त्याच गोष्टीला विशेष ध्वनी म्हटले की ती घडवणारा माणूस पगारी तंत्रज्ञ ठरतो आणि हिशेब महिन्याच्या पगारावर मिटतो. बीबीसीने एका शब्दाच्या निवडीने कामाचे वर्गीकरण केले आणि त्याबरोबर माणसांचेही केले.

७/ 'डॉक्टर हू'ची सिंगल हा या पद्धतीचा पहिला नमुना नव्हे. १९६२ मध्ये पार्लोफोन कंपनीने 'टाइम बीट' नावाची सिंगल काढली. तिच्या मुळाशी वर्कशॉपमधील मॅडालेना फॅगँडिनी यांनी टेलिव्हिजनच्या मधल्या वेळेसाठी तयार केलेली एक तालबद्ध ध्वनिफीत होती. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्या फितीवर वादकांची साथ चढवली. हेच मार्टिन काही आठवड्यांनी बीटल्स नावाच्या चार तरुणांना पहिल्यांदा स्टुडिओत घेणार होते. तबकडीवर कलाकाराचे नाव छापले गेले 'रे कॅथोड'.

८/ रे कॅथोड नावाचा कोणी इसम अस्तित्वात नव्हता. 'कॅथोड रे' म्हणजे टेलिव्हिजनच्या नळीतील किरण; ते शब्द उलटवून केलेली ही कोटी. कोटी म्हणून ती झकास आहे. परिणाम मात्र असा, की ब्रिटनमध्ये निघालेल्या अगदी सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक सिंगलपैकी एकीवर, खऱ्या स्त्रीच्या जागी, खोट्या पुरुषाचे नाव कायमचे बसले. यात कोणाचा दुष्ट हेतू असल्याचा पुरावा नाही, आणि तसा तो असण्याची गरजही नव्हती. विभागातील माणसे निनावी राहणे हा रिवाजच असेल, तर रिकाम्या जागी गमतीचे नाव टाकताना कोणाचाही हात अडखळत नाही.

९/ आता १९६३. बीबीसीत कालप्रवासाची एक नवी मालिका आकार घेत होती. निर्मात्या होत्या व्हेरिटी लॅम्बर्ट, त्या वेळच्या बीबीसी नाट्यविभागातील एकमेव स्त्री निर्माती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनौमध्ये जन्मलेले वारिस हुसेन. लॅम्बर्ट यांना परिचित असूनही परके वाटेल असे शीर्षकसंगीत हवे होते. काच आणि धातूच्या वाद्यांतून वेगळेच नाद काढणारा एक फ्रेंच वाद्यसमूह त्यांच्या मनात होता. तो बेत जमला नाही. मग त्यांना वर्कशॉपचा रस्ता दाखवला गेला आणि धून रचण्यासाठी रॉन ग्रेनर यांना पाचारण करण्यात आले.

१०/ ग्रेनर मूळचे ऑस्ट्रेलियाचे. टेलिव्हिजनच्या शीर्षकसंगीतात त्यांचे नाव तोवर चांगलेच प्रस्थापित झाले होते, आणि वाफेच्या इंजिनांवरील एका माहितीपटासाठी त्यांनी वर्कशॉपबरोबर कामही केले होते. त्यांनी दिला तो एक कागद : खालच्या सुरांची एक आवर्ती चाल, वर एक धून, आणि काही ठिकाणी वाद्यांच्या नावांऐवजी 'वाऱ्याचे ढग', 'वाऱ्याचे बुडबुडे' अशा वर्णनवजा सूचना. ढग कशाचा करायचा आणि बुडबुडा कोणत्या सुरात फुटायचा, हे कागदावर नव्हते. ते डर्बिशायर यांनी ठरवायचे होते.

११/ या टप्प्यावर एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. १९६३ मध्ये वर्कशॉपजवळ सिंथेसायझर नव्हता. रॉबर्ट मूग यांचे पहिले प्रारूपच १९६४ मधले. म्हणजे पट्टी दाबली आणि सूर निघाला, अशी सोय नव्हती. एकावर एक अनेक थर ध्वनिमुद्रित करता येतील असे मल्टिट्रॅक यंत्रही नव्हते. प्रत्येक सूर स्वतंत्रपणे निर्माण करायचा, फितीवर घ्यायचा, हव्या त्या लांबीत कापायचा आणि पुढच्या सुराला चिकटपट्टीने जोडायचा. वाद्य, वादक आणि वादन या तिन्हींची जागा येथे ब्लेड, मोजपट्टी आणि कान यांनी घेतली होती.

१२/ गणिताची पदवी कशी कामी आली ते येथे दिसते. फीत सेकंदाला १५ इंच वेगाने धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. पाव सेकंदाचा सूर म्हणजे पावणेचार इंच. लय ही अशी अक्षरशः इंचांत मोजली जाई. फीत दुप्पट वेगाने चालवली तर सूर एका सप्तकाने वर जातो, पण त्याची लांबी निम्मी होते. म्हणून सूर बदलताना कालावधीचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो. तुकड्याची लांबी किंचित चुकली तरी पुढची सगळी लय सरकते.

१३/ त्या संगीतातील सुप्रसिद्ध दौडता खर्ज एकाच ताणलेल्या तारेतून आला आहे. तार छेडून तो आवाज फितीवर घेतला गेला, वेगवेगळ्या वेगांनी चालवून त्यापासून वेगवेगळे सूर काढले गेले आणि ते एकापुढे एक जोडले गेले. वरची धून ऑसिलेटरांतून आली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड हाताने बटण फिरवून साधलेली आहे. 'वाऱ्याचे ढग' हे सर्व कंपनसंख्या एकत्र असलेला फसफसणारा आवाज फिल्टरमधून गाळून बनवलेले आहेत. त्यात वाद्यवृंदातील एकही वाद्य नाही.

१४/ खर्ज, धून आणि इतर नाद यांच्या वेगळ्या फिती तयार झाल्यावर तीन टेप यंत्रे एकाच क्षणी सुरू करून ती एकत्र मिसळायची होती. या कामात साहाय्यक अभियंता डिक मिल्स डर्बिशायर यांच्यासोबत होते. मिल्स यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की कोठेतरी एक सूर जुळेना. तेव्हा त्या फिती मेडा व्हेलच्या लांबलचक व्हरांड्यात शेजारी शेजारी उलगडून ठेवल्या गेल्या आणि दोघांनी जोड न् जोड पाहत चुकीचा तुकडा शोधून काढला. संगीतातील बेसूर जागा डोळ्यांनी, चालत जाऊन सापडल्याचे असे उदाहरण विरळाच.

१५/ तयार फीत ऐकल्यावर ग्रेनर चकित झाले. हे खरोखर आपणच लिहिले काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी विचारल्याची आठवण प्रसिद्ध आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी पुढे काय केले. डर्बिशायर यांना सहरचनाकार म्हणून श्रेय आणि रॉयल्टीचा वाटा मिळावा, असा प्रयत्न त्यांनी केला. बीबीसीच्या नियमांपुढे तो टिकला नाही. वर्कशॉपची माणसे नोकरदार होती आणि त्यांनी विभागाच्या नावाआड राहावे, असे संस्थेचे धोरण होते. या गोष्टीत खलनायक शोधणाऱ्यांनी ग्रेनर यांना त्या यादीतून आधी वगळावे.

१६/ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, पहिला भाग प्रक्षेपित झाला. सुन्न झालेल्या देशातील अनेकांकडून तो पाहायचा राहून गेला, म्हणून आठवड्याने दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवण्यात आला. श्रेयनामावलीत शीर्षकसंगीतासाठी ग्रेनर आणि वर्कशॉप ही दोनच नावे होती. लाखो घरांत दर शनिवारी संध्याकाळी डर्बिशायर यांचे काम वाजू लागले. ती ध्वनिफीत, किरकोळ फेरफार सोडल्यास, १९८० पर्यंत मालिकेच्या सुरुवातीला वाजत राहिली.

१७/ मग आली डेक्काची सिंगल. मागच्या बाजूला ब्रेंडा आणि जॉनी या जोडीचे एक प्रेमगीत होते. दोन्ही बाजूंचा एकमेकींशी काडीमात्र संबंध नव्हता. त्या काळी सिंगल म्हणजे गाणे, आणि गाणे म्हणजे चेहरा, नाव, छायाचित्र. ज्याला चेहरा नाही असे सव्वादोन मिनिटांचे संगीत कसे विकायचे, हे कंपनीला कळलेले नसावे असे ही जोडणी पाहून वाटते. चेहरा मात्र होता. मेडा व्हेलच्या व्हरांड्यात फितीमागे चालणारा तो चेहरा दाखवायची रीत तेवढी नव्हती.

१८/ आता मूळ प्रश्न. संगीताचा कर्ता कोण? युरोपीय परंपरेचे आणि तिच्यावर बेतलेल्या कायद्याचे उत्तर ठरलेले होते : जो कागदावर सूर लिहितो तो. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला हे उत्तर तोकडे वाटेल. बंदिश दोन-चार ओळींची असते, तिचा रचनाकार वेगळा असतो. तरी तासभर उलगडलेल्या ख्यालाचे श्रेय गवयाला देताना आपल्या मनात संकोच नसतो. ग्रेनर यांचा कागद ही बंदिश होती. तिच्यातून आवाजाचा पोत, विस्तार आणि अवकाश ज्यांनी उभा केला, त्यांना 'तंत्रज्ञ' म्हणणे म्हणजे गवयाला ध्वनिक्षेपक लावणारा म्हणण्यासारखे आहे.

१९/ उपमेलाही मर्यादा आहे. गवयाची मैफल संपली की उद्या दुसरा गवय तीच बंदिश नव्याने मांडतो. इलेक्ट्रॉनिक संगीतात घडवलेली फीत हीच अंतिम कृती असते. तिच्यापलीकडे मूळ कृती नाही. ग्रेनर यांचा कागद एखाद्या वाद्यवृंदापुढे ठेवला तर धून वाजेल, पण लोकांच्या स्मरणात असलेली ती गूढ दौड वाजणार नाही. या नव्या प्रकारच्या संगीताने कर्तृत्वाची जुनी व्याख्या मोडली होती. डेक्काच्या लेबलवर मात्र जुनीच व्याख्या छापली गेली, आणि हा त्या सिंगलचा खरा ऐतिहासिक अर्थ आहे.

२०/ यावर नेहमीचा आक्षेप असा : डर्बिशायर पगारी नोकर होत्या, नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाचाच असतो. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण हक्क आणि श्रेय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पैसा मालकाकडे जात असतानाही लेबलवर 'फीत घडवणार : डेलिया डर्बिशायर' एवढी ओळ छापायला शाईखेरीज काहीच खर्च नव्हता. शिवाय पैशाचा मुद्दाही क्षुल्लक नाही. ब्रिटिश कायद्यानुसार रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. ग्रेनर यांचे निधन १९८१ मध्ये झाले. म्हणजे त्या एका कागदाचा हक्क २०५१ अखेरपर्यंत जिवंत आहे. फीत घडवणारीच्या वाट्याला महिन्याचा पगार आला.

२१/ दुसरी चूक उलट दिशेची, आणि सध्या तीच अधिक बोकाळली आहे. 'हे संगीत डेलिया डर्बिशायर यांनी एकटीने निर्माण केले, ग्रेनर यांनी ते लाटले' अशी वाक्ये सर्रास फिरतात. त्यात ग्रेनर यांची धून गायब होते, त्यांचा श्रेयासाठीचा प्रयत्न गायब होतो, आणि तिसऱ्या फितीशेजारून चालणारे डिक मिल्स तर पूर्णच गायब होतात. एका पुरुषाच्या एकमेव नावाच्या जागी एका स्त्रीचे एकमेव नाव बसवल्याने अन्याय भरून निघत नाही. नावे गाळण्याची जुनी खोड तेवढी चालू राहते.

२२/ मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना या प्रकरणातून एक ओळखीचा धडा मिळतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना बखरींवर कोरडे ओढले आणि समकालीन अस्सल कागदांचा आग्रह धरला. तो आग्रह योग्यच होता. डेक्काचे लेबल समकालीन आहे, अस्सल आहे आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही. ग्रेनर रचनाकार होते आणि वर्कशॉपनेच फीत केली. तरी त्यावर विसंबून लिहिलेला इतिहास चुकीचा ठरतो. अस्सल कागद खोटे न बोलताही दिशाभूल करू शकतो, कारण काय लिहायचे नाही हे तो लिहिणाऱ्या सत्तेने आधीच ठरवलेले असते.

२३/ म्हणून लेबल वाचताना 'यावर कोण आहे' याबरोबरच 'कोणत्या नियमाने आहे' हेही विचारावे. वर्कशॉपच्या बाबतीत नियम सरसकट एकच नव्हता, हे ध्यानात घ्यावे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या 'बीबीसी रेडिओफॉनिक म्युझिक' या दीर्घवादन तबकडीवर डर्बिशायर, जॉन बेकर आणि डेव्हिड केन यांची नावे रचनाकार म्हणून आहेत; शीर्षकात तो टाळलेला शब्द, 'म्युझिक', हाही आहे. म्हणजे नाव छापणे अशक्य नव्हते. याच सुमारास बाहेरच्या एका संगीतसंग्रहासाठी काम करताना त्यांना 'ली दे ला रूस' हे टोपणनाव घ्यावे लागले, हेही तितकेच खरे.

२४/ १९७३ मध्ये त्यांनी बीबीसी सोडली आणि पुढची बरीच वर्षे त्या संगीतापासून दूरच राहिल्या. वर्कशॉप १९९८ मध्ये बंद झाले. ३ जुलै २००१ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, डर्बिशायर यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ फिती सापडल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठाच्या ताब्यात अभ्यासकांसाठी आहेत. आणि २३ नोव्हेंबर २०१३ रोजी, मालिकेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या विशेष भागात, पडद्यावरील श्रेयनामावलीत त्यांचे नाव शीर्षकसंगीतासाठी प्रथमच झळकले. एका ओळीला पन्नास वर्षे लागली. ती वाचायला त्या हयात नव्हत्या.

२५/ ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे, पण १९६४ ची तबकडी त्यामुळे बदलत नाही. ती संग्राहकांच्या कपाटात आहे तशीच आहे आणि तशीच राहिली पाहिजे. कारण डर्बिशायर यांचे नाव नसणे हाच तिच्यावरचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. तिच्यावर मागाहून नाव चिकटवले, तर १९६४ मध्ये एका बलाढ्य संस्थेला एका कर्त्या स्त्रीचे नाव छापणे अनावश्यक वाटले, ही वस्तुस्थितीच पुसली जाईल. नाव पुस्तकांत, संग्रहालयांत, नव्या आवृत्त्यांत जरूर यावे. जुन्या लेबलपाशी मात्र टीप लागावी, रंगसफेदी नको.

२६/ आज संगीत तबकडीवरून पडद्यावरच्या एका ओळीत आले आहे. त्या ओळीत गाण्याचे आणि कलाकाराचे नाव असते. ध्वनी घडवणारा, मिश्रण करणारा, यंत्राला बोलते करणारा माणूस शोधायला दोन-तीन ठिकाणी बोट दाबावे लागते, आणि पुष्कळदा तो सापडतही नाही. साठ वर्षांनंतरच्या अभ्यासकाला आजच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास याच ओळींवरून लिहावा लागेल. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी एवढे करावे : आवडत्या कृतीमागची माणसे ती हयात असताना शोधावीत, त्यांची नावे पुराव्यानिशी नोंदवावीत, आणि नोंदवताना डिक मिल्स यांनाही विसरू नये.

(धागा समाप्त)